आकडा नसलेलं निदान

माझी नोकरी शंका घेण्याची आहे. धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते. प्लांटमधून बाटलीत नमुना येतो, तो आणणारा ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, माल एकदम ओके हाय," मी त्याच्याकडे बघून हसते आणि तरीही तपासते. एकदा तपासून आलेला आकडा दुसऱ्यांदा तपासून जुळला, तरच सही करते. माणसाच्या नुसत्या सांगण्यावर आमच्याकडे टँकर गेटबाहेर जात नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर स्वभावही तसाच झाला. त्यामुळे माझ्या लेकीला काय झालंय हे लोक मला नुसतं तोंडाने सांगायला लागले, तेव्हा मी एकावरही विश्वास ठेवला नाही.

लेक तेव्हा तिसरीत होती. आम्ही अष्टमीला राहतो आणि तिची शाळा पुलापलीकडे रोह्यात. एके दिवशी वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. मधली सुट्टी चालू होती, बाई डब्यातली भाजी-पोळी खाता खाताच बोलत होत्या.

"मुलगी हुशार आहे हो तुमची. तोंडी विचारलं तर टकाटक उत्तरं देते. पण वर्गात नसतेच ती."

"नसते म्हणजे?"

"बसलेली असते बाकावर. नाहीतर बाकाखाली असते, पेन्सिल शोधत. पण मी काय बोलतेय ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. एक गणित सोडवते, दुसरं अर्धं, आणि मग खिडकी. शेजारच्या मुलीचं पण लिहिणं थांबवते बोलून बोलून. एकदा डॉक्टरांना दाखवा."

त्या वर्गात पोरं खच्चून भरलेली होती. एका बाकावर तिघी, पंखा एकच चालू. मी मनात म्हटलं, बाईंना शांत पोर हवंय, माझी पोर शांत नाही, म्हणून ती आजारी. एवढ्या गोंधळात मला कोणी बसवलं असतं तर मीही खिडकीबाहेरच बघितलं असतं.

तरी दाखवलं. रोह्यातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर तापाची, खोकल्याची ही गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा लेक आत शिरल्या शिरल्या फिरत्या स्टुलावर बसली आणि गरगर फिरायला लागली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हायपर आहे," ते म्हणाले आणि लिहायला लागले. "हे सिरप रात्री द्या. शांत होईल."

"कशावरून हायपर?"

"दिसतंय की." त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

सिरपने ती शांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं तर उठेना. डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. दूध पिता पिता पेंगली. मी बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधलं. ते मुळात ॲलर्जीचं औषध होतं आणि त्याने झोप येते. म्हणजे माझ्या पोरीवर उपचार झालेच नव्हते, तिला नुसतं झोपवलं होतं. मी ती बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून 'शांत होईल' हे शब्द मला नकोसे झाले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो वायरिंगची कामं घेतो. आधी दोन कंपन्यांत लागला आणि दोन्ही सोडल्या. एका जागी आठ तास बसणं त्याला जमत नाही. तो म्हणाला, "मी पण असाच होतो लहानपणी. मास्तर मला वर्गाबाहेर उभा करायचे. मला काय झालं? काय नाय होत. मोठी झाली की होईल बरोबर."

मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

मग पुलावरची गोष्ट घडली. शाळा सुटली की ती रिक्षाने घरी यायची. रिक्षावाल्या काकांचा फोन आला, "तुमची पोरगी आज गाडीत नाय बसली. मी वाट बघून बाकीच्यांना सोडायला निघालो." मी कंपनीत, नवरा एका साइटवर. तो मोटारसायकल घेऊन सुटला. ती त्याला कुंडलिका नदीच्या पुलावर सापडली. कठड्याला पोट टेकवून, पाय जमिनीवरून उचललेले, खाली पाण्यात जाळं टाकणाऱ्या माणसाकडे बघत होती. मागून ट्रक जात होते. दप्तर रस्त्यात पडलेलं होतं. नवऱ्याने तिला मागून कमरेला धरून उचललं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, थांबा ना, तो आता ओढणारे."

ती रुसली नव्हती, पळूनही गेली नव्हती. रिक्षा तिच्या लक्षातच राहिली नव्हती. 'होईल बरोबर' हे त्यानंतर नवऱ्याच्या तोंडून आलं नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"आई, मी मठ्ठ आहे का?"

"कोण म्हणालं?"

"कोण नाही. मीच विचारते. मी बघते ना फळ्याकडे. मी ठरवते की आज बघायचंच. आणि मग घंटाच होते."

हे ऐकल्यावर मी पुन्हा शाळेत गेले. बाईंनी पेणच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सुचवलं. मुलांच्या वागणुकीचं, शिकण्याचं बघणाऱ्या डॉक्टर, आठवड्यातून एकदा पेणला येतात. आधीच्या एका मुलाला बाईंनी तिथेच पाठवलं होतं. माझ्या डोक्यात लगेच आलं, यांचं आपसात काही साटंलोटं तर नाही? बाई पोरं पाठवणार आणि डॉक्टर गोळ्या देणार.

पेण मला परकं नाही. माझं माहेर हमरापूरचं, घरात तीन पिढ्या गणपतीचा कारखाना. पण त्या सकाळी रोह्याहून गाडीत बसले तेव्हा पहिल्यांदाच पेणला जायला नको वाटत होतं. नवऱ्यालाही ओढून नेलं होतं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर टाय लावलेले दोन तरुण बॅगा घेऊन बसले होते. औषध कंपन्यांची माणसं. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघितलंस? हे बघ इथे कोण बसलंय ते."

"अगं, ते तर सगळ्याच डॉक्टरांकडे असतात."

"म्हणूनच."

डॉक्टर चाळिशीच्या असतील. कॉटनचा ड्रेस, केस मागे बांधलेले. त्यांनी औषधाचं नाव काढलं नाही. आधी लेकीशीच बोलल्या. मग आम्हाला विचारायला लागल्या आणि विचारतच राहिल्या. बाळंतपण कसं झालं? जन्मल्यावर लगेच रडली का? चालायला, बोलायला कधी लागली? कधी आकडी आली का, डोक्याला मार लागला का? झोपते किती, घोरते का? घरात कोणी मारतं का? आम्हा दोघांत भांडणं होतात का? मोबाइल किती वेळ हातात असतो?

"आणि कुटुंबात अजून कोणी असं होतं का? लहानपणी अभ्यासात लक्ष नाही, एका जागी बसणं नाही?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो ताठ झाला. "म्हणजे माझ्याकडून आलं म्हणता काय?"

"दोष देत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याचदा घराण्यात असतं, म्हणून विचारते. उंची जशी येते तसं."

गाडीत परत येताना कासू स्टेशन गेल्यावर तो एकदम म्हणाला, "ते मास्तर मला खरंच रोज बाहेर उभा करायचे गो."

पण तिथे, त्या खोलीत, मला माझा प्रश्न विचारायचा होता. "यासाठी टेस्ट कुठली असते? रक्ताची? एमआरआय?"

"याची तशी टेस्ट नसते. ना रक्ताची, ना स्कॅनची."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"घरी कशी वागते, शाळेत कशी वागते, केव्हापासून, आणि त्याने तिचं काही अडतंय का, हे सगळं जुळवून."

"म्हणजे अंदाज."

डॉक्टर हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला हे आवडणार नाही, मला कळतं. पण आधी बाकीच्या शक्यता काढून टाकू. त्यांच्या टेस्ट असतात. कान तपासू, डोळे तपासू, हिमोग्लोबिन बघू. कमी ऐकू येणारं मूलही वर्गात असंच बसतं."

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. कान! कानाचं मशीन असतं, त्याचा आलेख निघतो. लेकीच्या कानांवर हेडफोन लावून काचेपलीकडे बसवलं तेव्हा मी मनातल्या मनात तिचं ऐकणं कमी निघू दे अशी प्रार्थना करत होते. रिपोर्ट नॉर्मल आला. डोळे नॉर्मल. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्याचं टॉनिक दिलं. आपल्या पोरीचे कान चांगले आहेत म्हणून खट्टू होणारी आई मी तेव्हा झाले.

दोन फॉर्म होते, एक आमच्यासाठी आणि एक बाईंसाठी. 'वस्तू हरवते: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.' असे प्रश्न. भरताना मला वाटलं, मी इथे काहीही लिहू शकते. सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलं तर माझी मुलगी आजच्या आज बरी. असल्या कागदावर निदान करतात? लॅबमध्ये मी असं केलं असतं तर नोकरी गेली असती. तरी जे होतं तेच लिहिलं.

मला पुरावा हवा होता, तो हमरापूरला मिळाला. गणपतीचे दिवस जवळ आले होते, दादाच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती छपरापर्यंत रचलेल्या. लेक तिथे गेली की तिला गणपतीच्या पायाशी बसायचे छोटे उंदीर रंगवायला मिळायचे. त्या रविवारी ती बसली आणि उठलीच नाही. हाताशी ब्रश, नाकाला रंग, जीभ दातांत धरलेली. एक उंदीर, दुसरा उंदीर. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "हा एक होऊ दे." मी दादाला म्हटलं, "मोबाइल धर आणि काढ हिचा व्हिडिओ. हिच्यात लक्ष नाही म्हणतात!"

दादा म्हणाला, "काय नाय झालंय तिला. डॉक्टर लोकांना कायतरी नाव द्यायलाच लागतं गो."

पुढच्या वेळी मी तो व्हिडिओ डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी तो पुढे न ढकलता बघितला. मला तो त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच नीट दिसला. मागून दादाचा आवाज येत होता: "ह्याला आता कान." "वा! शेपूट राहिली बघ." "हा सुकायला ठेव, हा दुसरा घे." दर थोड्या वेळाने काहीतरी नवं तिच्या हातात येत होतं आणि कोणीतरी तिला शाबासकी देत होतं.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "आवडीचं काम, ते लगेच पुरं होतं, लगेच कौतुक, आणि शेजारी माणूस. अशा ठिकाणी या मुलांचं लक्ष खूप टिकतं. लक्ष नसतं असं नाही. पाहिजे तिकडे वळवता येत नाही. कंटाळवाण्या कामावर तर नाहीच."

माझा पारा चढला. "म्हणजे ती बसली नाही तरी तोच आजार, आणि बसली तरी तोच? डॉक्टर, मी काहीही आणलं तरी ते तुमच्याच बाजूचं निघणार असेल, तर मी आणू तरी कशाला?"

नवरा माझ्या हातावर हात ठेवायला लागला. मी तो झटकला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "प्रश्न रास्त आहे. मी चूक ठरेन असं काय असेल, ते सांगते. ती फक्त शाळेत अशी असती आणि घरी नसती, तर मी शाळेत काय बिनसलंय ते शोधलं असतं. हे गेल्या वर्षीच सुरू झालं असतं, तर त्या वर्षी काय घडलं ते विचारलं असतं. कान बिघडलेले निघाले असते, झोप होत नसती, घरात मारझोड असती, तर मी थांबले असते. तुम्ही दोघांनी आणि बाईंनी वेगवेगळे भरलेले फॉर्म जुळले नसते, तरी थांबले असते. ते जुळलेत. आणि पुलावर शाळेच्या बाई नव्हत्या."

पुलाचं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण खोडून काढता न येणं आणि पटणं यांत फरक असतो. त्यांनी कागदावर 'एडीएचडी', म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असं लिहिलं तेव्हा मी ते एखाद्या परक्या लॅबचा रिपोर्ट वाचावा तसं वाचलं.

गोळी त्यांनी तेव्हाही दिली नाही. आधी आम्हा दोघांना शिकवलं. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही दुसऱ्या खोलीतून ओरडून नाही, जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून. नीट केलं की तिथल्या तिथे कौतुक करायचं. झोपायची वेळ पाळायची. अभ्यासाचे छोटे तुकडे, मध्ये उठून हिंडायची मुभा. बाईंनाही चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, फळा पुसायला, खडू आणायला उठवा. मला वाटलं, यात डॉक्टरी काय आहे? पण घरात फरक पडला. सकाळची आरडाओरड बरीच कमी झाली. नवऱ्याला तर ते एकदम जमलं, मला म्हणाला, "मला पण असंच सांगत जा ना एकेक काम." शाळेत मात्र गाडी पुढे सरकत नव्हती. सहामाहीत गणिताच्या पेपरची मागची बाजू तिने उलटूनच बघितली नव्हती. घरी येऊन ती रडली नाही, नुसती म्हणाली, "बघ, मी विचारलं होतं ना तुला. मी मठ्ठच आहे." हे मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तेव्हा गोळीचं बोलणं निघालं. डॉक्टरांनी तिचं वजन, उंची, नाडी, रक्तदाब घेतला, छाती तपासली, घराण्यात कोणाला लहान वयात हृदयाचा त्रास होता का ते विचारलं. भूक कमी होईल, झोप लांबू शकते, पोट दुखू शकतं, हे स्वतःहून सांगितलं. मी म्हटलं, "माझी एक अट आहे. शाळेला सांगायचं नाही गोळी कधी सुरू केली ते. बाईंकडून दर शुक्रवारी फॉर्म भरून घ्यायचा. त्यांना माहीत नसताना फरक दिसला तर मी मानेन."

डॉक्टरांचे डोळे पहिल्यांदा चमकले. "उत्तम. तसंच करू. पण माझीही एक अट. मुलीपासून लपवायचं नाही."

मी तिला व्हिटॅमिन म्हणून देणार होते. ते त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं आणि सरळ सांगितलं, "तू मठ्ठ नाहीस. तुझं लक्ष उड्या मारतं. ही गोळी त्याला थोडा वेळ बसवते का ते आपण बघणार आहोत. तुला कसं वाटतं ते तू मला सांगायचं. वाईट वाटलं तर तेही."

गोळी अष्टमीत मिळाली नाही, रोह्यातही नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि माझ्याकडेही तशीच नजर टाकली. "ही आम्ही ठेवत नाय, मॅडम. डोक्याची हाय ना ही? कोणासाठी?" दुकानात दोन ओळखीच्या बायका होत्या. मी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. शेवटी ती पेणला मिळाली. तिथल्या दुकानदाराने दोन प्रती मागितल्या आणि एक ठेवून घेतली. ज्या औषधाची चिठ्ठी दुकानदार ठेवून घेतो ते औषध साधं कसं असेल, हा विचार मला घरापर्यंत पुरला.

पहिले काही दिवस मी तिच्याकडे नमुन्याकडे बघावं तशी बघत होते. डबा जवळजवळ भरलेला परत यायला लागला. संध्याकाळी ती खिडकीशी बसायची आणि गायची नाही. ती सतत काहीतरी गुणगुणायची, मी तिला गप्प बस म्हणायची, आणि आता घरात आवाज नव्हता. मी गोळीची पट्टी पर्समध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी रजा घेतली आणि पेणला गेले. डॉक्टरांचा तो वार नाही हे तिथे गेल्यावर लक्षात आलं, म्हणून तिथूनच फोन लावला.

"मला शांत मुलगी नको होती," मी म्हटलं. "मी तुम्हाला हे पहिल्यापासून सांगतेय."

"मलाही नको," त्या म्हणाल्या. "गाणं थांबलं म्हणजे डोस जास्त होतोय. उद्यापासून कमी करू. नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या. तरी आवाज परत आला नाही तर आपण ही बंद करू, दुसरं काही बघू."

डोस कमी केला. आठवडाभरातच बाथरूममधून पुन्हा गाणं ऐकू आलं, बेसूर. भूक दुपारी कमीच राहिली, ती रात्री जेवून भरून काढायची. मी तरी वाट बघत होते, आता काय निघतंय याची.

एक दिवस मी तिची वेणी घालत होते. ती आपणहून म्हणाली, "आई, आता बाईंचं वाक्य पूर्ण येतं."

"म्हणजे?"

"आधी कसं, बाई म्हणायच्या, 'आता सगळ्यांनी पान', आणि मग एकदम 'कळलं का?' मधलं काही नसायचंच. आता येतं."

मला आधी वाटलं, हे तिला डॉक्टरांनी पढवलं. मी इकडून तिकडून पुन्हा विचारलं. तिने तेच सांगितलं आणि वर चिडली, "अगं, सांगितलं ना एकदा! वेणी ओढू नको." इतकी वर्षं ती अर्ध्या वाक्यांच्या वर्गात बसत होती आणि बाकीच्यांना पूर्ण ऐकू येतं हे तिला माहीतच नव्हतं.

मग शुक्रवारचे फॉर्म एकत्र मांडून डॉक्टरांनी मला दाखवले. बाईंना काही माहीत नव्हतं. आम्ही गोळी सुरू केली त्या आठवड्यापासून त्यांच्या खुणा 'बऱ्याचदा'वरून 'कधीकधी'कडे सरकलेल्या होत्या. मध्ये ती तापाने आजारी पडली, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली होती आणि ताप गेल्यावरही काही दिवस दिली नव्हती. त्या आठवड्यात खुणा परत मागे आल्या होत्या. मी दोनदा बघितलं. जुळत होतं.

यावर मी सुखाने झोपायला हवं होतं. तसं झालं नाही. हे किती वर्षं? मोठेपणी काय? ती आता पाचवीत आहे. शाळेच्या दिवशी गोळी घेते, मे महिन्याच्या सुट्टीत डॉक्टर ती बंद करून बघतात, दर खेपेला वजन आणि उंची मोजतात. उंची वाढतेय. गणितात ती मध्यम आहे आणि पेपर उलटून बघते. वस्तू अजून हरवते, या वर्षी छत्री दोनदा. बाईंचं आणि डॉक्टरांचं काही साटंलोटं नव्हतं, बाईंना फक्त ती मुलगी वाया जाऊ द्यायची नव्हती, हे मला त्यांच्याशी बोलून बोलून कळलं. बाकावरच्या टायवाल्या तरुणांकडे मात्र मी अजूनही सरळ नजरेने बघत नाही.

परवा पेणला गेलो होतो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तिला विचारलं, "कसं चाललंय?"

ती म्हणाली, "ठीक. मी एक विचारू? तुम्ही कधी ही गोळी खाऊन बघितली आहे का?"

डॉक्टर एकदम हसल्या. "नाही गं."

"मग तुम्हाला कसं माहीत ती कशी वाटते?"

"तू सांगतेस म्हणून."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. नवरा तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं सोंग करत होता.

"तर मी तुझ्या आईला विचारीन," डॉक्टर म्हणाल्या.

"तिला विचारू नका," लेक म्हणाली, "ती कोणाचंच खरं मानत नाही."

वजन करून झालं, पुढची तारीख मिळाली. बाहेर आलो तर गाडी चुकली होती. आम्ही स्टँडवर जाऊन नागोठण्यावरून जाणारी एसटी धरली. तिला खिडकी हवी होती, म्हणून मी मधल्या सीटवर बसले.